पियानोची रिकामी जागा : ऑर्नेट कोलमनचा 'गोल्डन सर्कल' कसा ऐकावा

आधी एक करून बघा. ऑर्नेट कोलमन या अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादकाच्या ट्रिओचा, म्हणजे तिघांच्या बँडचा, 'ॲट द गोल्डन सर्कल, स्टॉकहोम' हा अल्बम लावा. त्याच्या पहिल्या भागात 'फेसेस अँड प्लेसेस' नावाची रचना आहे, ती सुरू करा आणि फक्त झांजेकडे कान द्या. सॅक्सोफोन काय करतोय ते तूर्त सोडून द्या, बेस, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, तेही सोडून द्या. ड्रमवाल्याच्या उजव्या हाताला एक मोठी झांज असते, तिला राइड सिंबल म्हणतात. ती एकसारखी वाजत राहते, पत्र्यावर पावसाची सर धरावी तशी. दोन-तीन मिनिटं तेवढंच ऐकलंत तर आपोआप पाय हलायला लागेल. म्हणजे लय आहे, आणि ती चांगली घट्ट आहे.

हे आधी सांगायचं कारण असं, की 'फ्री जॅझ' म्हटलं की पुष्कळ जण ऐकण्याआधीच हात टेकतात. जॅझच डोक्यावरून जातं, त्यात हे 'फ्री', म्हणजे ज्याने त्याने मनाला येईल ते वाजवायचं, असा एक समज आहे. मला तो फार खटकतो. त्या समजापायी विसाव्या शतकातलं अतिशय सुंदर संगीत लोकांच्या कानापर्यंत पोचतच नाही. ऑर्नेटच्या संगीतात सोडून दिलेली गोष्ट मुख्यतः एकच आहे. ती कोणती ते कळलं की बाकीचं बरंचसं ओळखीचं वाटायला लागतं. आणि ते कळायला हा अल्बम सगळ्यात सोयीचा, कारण इथे वाजवणारी माणसं तीनच आहेत. आल्टो सॅक्सोफोनवर ऑर्नेट, बेसवर डेव्हिड आयझेनझन, ड्रम्सवर चार्ल्स मॉफेट. गर्दी नसल्यामुळे कोण काय करतंय ते लख्ख ऐकू येतं.

हे ध्वनिमुद्रण ३ आणि ४ डिसेंबर १९६५ या दोन रात्रींचं. जागा स्टॉकहोममधली, स्वेआवेगन या मोठ्या रस्त्यावरचा गोल्डन सर्कल नावाचा जॅझ क्लब. जेवणाची टेबलं आणि समोर वादक, अशी ती जागा. तीन वर्षांपूर्वी, १९६२ मध्ये, पियानोवादक बड पॉवेल याच क्लबात वाजवून गेला होता आणि त्याचीही रेकॉर्डिंग आज मिळतात. ऑर्नेटचं रेकॉर्डिंग ब्लू नोट या न्यूयॉर्कच्या कंपनीने केलं. कंपनीचा फ्रान्सिस वुल्फ हा निर्माता म्हणून त्यावर आहे. वुल्फ मूळचा छायाचित्रकार, बर्लिनमधून अमेरिकेला आलेला. १९६६ मध्ये दोन स्वतंत्र तबकड्यांवर हे संगीत बाहेर आलं. मुखपृष्ठावर तिघेही जाड कोट घालून बर्फात, झाडांमध्ये उभे आहेत. डिसेंबरात स्टॉकहोमला दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो. तो फोटो पाहिला की मला दरवेळी वाटतं, हे तिघे बाहेरच्या त्या थंडीतून आत आले, कोट काढले आणि वाजवायला लागले.

आता मुद्द्याची गोष्ट. ऑर्नेटने काय सोडलं ते कळायला जॅझमध्ये आधी काय होतं ते पाहायला हवं, आणि त्यासाठी घरातली पेटी पुरते. पेटीवर सा, ग, प या तीन पट्ट्या एकदम दाबा. जो भरीव आवाज येतो ती झाली एक कॉर्ड. आता म, ध आणि वरचा सा एकदम दाबा. ही दुसरी. मग प, नि आणि वरचा रे. ही तिसरी. या तीन कॉर्ड एकामागून एक वाजवल्या की काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. पहिलीवर आपण घरी असतो, दुसरीवर घराबाहेर पडतो, तिसरीवर परत यायची ओढ लागते. पाश्चात्त्य संगीताचा मोठा भाग या सरकण्यावर उभा आहे.

जॅझने हे सरकणं आवर्तनात बसवलं. सगळ्यात साधं उदाहरण म्हणजे ब्लूज. त्याचं आवर्तन बारा बारचं, प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे एकूण ४८ मात्रा. कुठल्या बारला कुठली कॉर्ड येणार ते ठरलेलं. पहिले चार बार घरची कॉर्ड, मग दोन बार दुसरी, परत दोन बार घर, शेवटच्या चारात तिसरी-दुसरी करत पुन्हा घरी. वादक आधी धून वाजवतात. ती संपली की आवर्तन तसंच फिरत राहतं आणि एकेक जण त्यावर नवीन काहीतरी रचत जातो. पियानोवाला कॉर्ड दाबत राहतो, म्हणजे आपण आवर्तनात कुठे आहोत ते सगळ्यांना समजतं. बेसवाला त्याच कॉर्डमधले सूर घेत एकेका मात्रेवर पाऊल टाकत चालतो. सॅक्सोफोनवाल्याने घेतलेला सूर त्या घडीच्या कॉर्डशी जुळला पाहिजे, निदान त्याचं तिच्याशी काहीतरी नातं हवं.

१९४० च्या दशकात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि त्याच्या बरोबरीच्या लोकांनी या पद्धतीला कळसाला नेलं. कॉर्ड वाढल्या, दाट झाल्या, आणि लय मिनिटाला दोनशे-तीनशे मात्रांवर गेली. अशा वेगात दर दोन-चार मात्रांनी बदलणाऱ्या कॉर्डवर सुंदर धून रचत जाणं म्हणजे धावत्या लोकलच्या एका डब्यातून दुसऱ्यात जाता जाता कविता करण्यासारखं आहे. ते लोक हे करत होते आणि अद्भुत करत होते. पण त्यांच्यानंतर आलेल्या कित्येकांची सगळी हुशारी ही उडी चुकू न देण्यातच खर्च व्हायला लागली.

मग पियानो काढून टाकला तर? हा विचार ऑर्नेटच्या आधीही झाला होता. सॅक्सोफोन, बेस आणि ड्रम्स एवढ्यांवर मैफल उभी करायचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सॉनी रोलिन्सचं. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात त्याने पियानोशिवाय वाजवलं आणि ते ध्वनिमुद्रित झालं. ऐकताना पियानोची उणीव भासत नाही, कारण रोलिन्सच्या डोक्यात आणि बेसवाल्याच्या बोटांत कॉर्डचा नकाशा पक्का होता. भिंती पाडल्या होत्या, पण जमिनीवर खडूने आखलेल्या रेघा तशाच होत्या आणि दोघे त्या रेघांवरूनच चालत होते. (हाच रोलिन्स १९७८ साली मुंबईच्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात वाजवून गेला. धोबीतलावच्या रंगभवनात त्या दिवसांत बसलेले श्रोते आजही भेटतात, आणि त्यांच्याकडून ती आठवण ऐकण्यासारखी असते.)

ऑर्नेटने त्या रेघाही पुसल्या.

म्हणजे त्याच्या बहुतेक रचनांमध्ये धून ठरलेली असते, नीट बसवलेली असते. धून संपली की पुढे मात्र कुठल्या बारला कुठली कॉर्ड, हे ठरलेलं नसतं. आवर्तन किती बारचं, हेही ठरलेलं नसतं. सॅक्सोफोन जिकडे वळेल तिकडे बेस वळतो, किंवा मुद्दाम वळत नाही. एखादी ओळ सात बारांत संपली तर सात, अकरात संपली तर अकरा. ओळीची लांबी ओळच ठरवते. धून, तिचा स्वभाव, लय, एकमेकांचं ऐकणं, शेवटी पुन्हा धुनेवर येणं, हे सगळं जागच्या जागी आहे. काढून टाकला तो फक्त कॉर्डचा क्रम. 'फ्री' या शब्दाचा इथला अर्थ एवढाच.

मला नेहमी वाटतं की हे समजून घ्यायला आपले कान जरा जास्त तयार आहेत. ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला कॉर्ड नसल्याचं नवल वाटायचं कारण नाही, कारण आपल्याकडे तो प्रकारच नव्हता. बंदिशीचा मुखडा मांडायचा, मग विस्तार करत जायचं, मधूनमधून मुखड्याला यायचं, सुरांच्या एका ओळीतून सगळं उभं करायचं, यात आपण लहानपणापासून रमलेलो आहोत. न्यूयॉर्कच्या १९५९ च्या श्रोत्याला जो धक्का बसला, तो पुण्यातल्या सवाई गंधर्वच्या मंडपात बसणाऱ्याला त्याच कारणासाठी बसणार नाही.

पण एक मोठा फरक आहे. ख्यालात मागे तंबोरा असतो. षड्ज हलत नाही, आणि गायक कितीही दूर गेला तरी ते दूर जाणं षड्जापासूनच मोजलं जातं. शिवाय रागाचे नियम असतात. ऑर्नेटकडे तंबोराही नाही. तो वाजवता वाजवता षड्जच दुसरीकडे नेऊन ठेवतो, आणि थोड्या वेळाने तिथूनही उचलतो. मैफल चालू असताना तंबोऱ्याच्या खुंट्या कुणीतरी फिरवतंय आणि गायक, साथीदार न बिचकता त्या नव्या षड्जात गातायत, अशी कल्पना करा. श्रोत्याला ऐकताना जी अस्थिरता जाणवते ती इथली आहे. म्हणून घर शोधत बसू नका. घर त्या क्षणी सॅक्सोफोनवाला उभा आहे तिथे आहे.

सुराच्या उंचीबद्दलही ऑर्नेटचं असंच होतं. पियानोच्या पट्टीला प्रत्येक सूर एकाच जागी खिळलेला असतो. ऑर्नेट तो किंचित चढा किंवा किंचित उतरलेला घ्यायचा, आणि लोक म्हणायचे हा बेसूर आहे. त्याचं म्हणणं असं, की शांततेबद्दलच्या रचनेतला एखादा सूर आणि दुःखाबद्दलच्या रचनेतला तोच सूर एकसारखा लागताच कामा नये. दरबारी कानड्यातला कोमल गंधार ज्यांनी ऐकलाय, तो हलका झुलत खाली उतरलेला, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. तोच कोमल गंधार दुसऱ्या रागात तसा लावला तर चालत नाही, हे आपल्याकडे विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. ऑर्नेटचा आल्टो ऐकताना मला माणसाचा आवाज ऐकू येतो. बोलता बोलता चढणारा, मध्येच कातर होणारा, हसणारा.

हा आवाज आला कुठून? ऑर्नेट ९ मार्च १९३० रोजी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे जन्मला. वडील लहानपणीच गेले, आई शिवणकाम करायची. चौदाच्या सुमाराला हातात सॅक्सोफोन आला आणि तो वाजवायला तो स्वतःच शिकला. त्यात सुरांच्या नावांचा एक गोंधळ झाला. आल्टो सॅक्सोफोनवर ज्या बोटांना 'सी' म्हणतात, त्यातून निघणारा सूर पियानोच्या 'सी'शी जुळत नाही, तो 'ई फ्लॅट' असतो. हे सांगायला शिक्षक नव्हता. तो आपल्या समजुतीनेच शिकत गेला, आणि चूक कळेपर्यंत कान आपल्या पद्धतीने तयार झालेला होता. पुढे बारमध्ये, तंबूतल्या खेळांत ब्लूज वाजवत तो दक्षिणेत फिरला. लुइझियानात एका रात्री लोकांनी त्याला बाहेर गाठून मारलं आणि त्याचा सॅक्सोफोन फोडून टाकला. नंतर लॉस एंजलिसला तो दुकानात लिफ्ट चालवायचा आणि लिफ्ट रिकामी असली की संगीताची पुस्तकं वाचायचा. पितळी सॅक्सोफोन परवडेना म्हणून त्याने पांढरा प्लॅस्टिकचा घेतला, 'ग्राफ्टन' नावाचा. त्या प्लॅस्टिकचा कोरडा, थेट आवाज त्याला मग आवडूनच गेला.

१७ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात त्याचा चौघांचा बँड वाजायला लागला आणि जॅझच्या दुनियेत दोन तट पडले. मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा जॉन लुईस आणि संगीत-संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी त्याला उचलून धरलं. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिससारख्या मोठ्या माणसाला तो मुळीच पटला नाही. डिसेंबर १९६० मध्ये त्याने दोन चौकड्या एकाच वेळी बसवून सदतीस मिनिटांची एक सलग रचना ध्वनिमुद्रित केली. अल्बमचं नाव 'फ्री जॅझ'. या सगळ्या प्रकाराला पुढे जे नाव चिकटलं ते तिथून आलं.

इतकं नाव झालं, पण पैसे काही हाती आले नाहीत. क्लब भरत होते, आणि आपल्याला मिळणारी बिदागी इतरांपेक्षा कितीतरी कमी आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ती वाढवून मागितली, तर कामंच थांबली. डिसेंबर १९६२ मध्ये त्याने न्यूयॉर्कचं टाउन हॉल स्वतःच्या खर्चाने घेऊन कार्यक्रम केला. त्यात आयझेनझन आणि मॉफेट आधीच त्याच्याबरोबर होते. त्यानंतर तो जवळजवळ दोन वर्षं लोकांसमोर वाजवायचा थांबला. एका कृष्णवर्णीय कलावंताने 'माझ्या कामाची किंमत एवढी आहे' म्हणावं आणि त्यासाठी घरी बसावं, याला त्या काळच्या अमेरिकेत किती धीर लागत असेल! या दोन वर्षांत तो ट्रम्पेट आणि व्हायोलिन शिकला. तेही स्वतःच.

१९६५ च्या जानेवारीत तो पुन्हा रंगमंचावर आला आणि त्या वर्षी युरोपला गेला. इंग्लंडमध्ये परदेशी जॅझवाल्यांवर कडक निर्बंध होते. तिथे शिरता यावं म्हणून त्याने पाच सुषिर वाद्यांसाठी एक लिहिलेली रचना सादर करवली. त्यामुळे त्याची गणना मैफलीच्या कलावंतांत झाली, आणि मगच ऑगस्टमध्ये लंडनजवळच्या क्रॉयडनला तिघांना वाजवता आलं. म्हणजे डिसेंबरात स्टॉकहोमला पोचेपर्यंत हे तिघे कित्येक महिने एकत्र वाजवत होते. एकमेकांच्या सवयी, खोड्या, श्वास त्यांना पाठ होते. कॉर्डचा नकाशा नसताना हेच कामाला येतं.

मॉफेट तर फोर्ट वर्थचाच, ऑर्नेटच्याच शाळेतला. मूळचा ट्रम्पेटवाला, पुढे ड्रम्सकडे वळलेला, आणि कित्येक वर्षं टेक्सासमधल्या शाळांत संगीत शिकवलेला. त्याच्या वाजवण्यात तो मास्तर ऐकू येतो. लय स्पष्ट, ठोके मोठे, चुकीला जागा नाही. बाकी दोघे कितीही लांब गेले तरी मॉफेटची झांज चालू असते, आणि त्यामुळे आपण हरवत नाही.

आयझेनझनचा स्वभाव अगदी उलटा. तो पिट्सबर्गचा, आणि बेसला हात लावला तोच चोविसाव्या वर्षी. पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यवृंदाची तालीम त्याच्या हातात होती, म्हणून गजावर त्याची विलक्षण हुकमत. जॅझमध्ये बेस सहसा बोटांनी छेडतात आणि तो लय सांभाळत चालतो. आयझेनझन मनात आलं की गज उचलतो, आणि मग तो बेस राहतच नाही. कधी सारंगीसारखा रडतो, कधी लाकडी दार करकरावं तसा करकरतो, कधी सॅक्सोफोनच्या बरोबरीने वरच्या सप्तकात जाऊन दुसरी धून धरतो. मला विचाराल तर या अल्बममधला सगळ्यात धाडसी वादक तो आहे. ऑर्नेटचं नाव मोठं म्हणून आपण सॅक्सोफोन ऐकत राहतो. एकदा फक्त बेस ऐका.

त्यासाठी 'युरोपियन एकोज' घ्या. आठेक मिनिटांची रचना. तिची धून इतकी साधी आहे की दुसऱ्यांदा ऐकताना तुम्ही ती तोंडाने म्हणाल. वॉल्ट्झसारखा तीन मात्रांचा झोका, त्यावर लहान मुलाने हाक मारावी तसे तुटक-तुटक सूर. हाक, थांबणं, पुन्हा हाक. मग विस्तार सुरू होतो आणि ऑर्नेट त्या हाकेचा एखादा तुकडा घेऊन त्याला निरनिराळ्या ठिकाणी ठेवून बघतो. जरा वर, जरा खाली, उलटा, लांबवून, अर्ध्यात सोडून. इथे कॉर्ड शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. तुकडा धरून राहिलात तर प्रत्येक वाक्य मागच्या वाक्यातून निघालेलं दिसेल. एखादा चांगला कीर्तनकार एकच शब्द घेऊन त्याच्या अवतीभोवती निरूपण रचतो, तशी ही रीत आहे.

'डी डी' नाचरी आहे, ऐकून खुशाल डोलावं. 'डॉन' म्हणजे पहाट, ती मात्र संथ आणि उदास. या अल्बमला पहिल्यांदाच हात घालणाराने 'डॉन'पासून सुरुवात केली तरी चालेल, कारण संथ लयीत तिघांचं एकमेकांकडे वळून बघणं कानांना दिसतं. दुसऱ्या भागातली 'मॉर्निंग साँग' हीसुद्धा याच जातीची, आणि मला सगळ्यात जवळची. रात्री उशिरा ती लावली की मी दुसरं काही करू शकत नाही. इतकी उघडी, इतकी निर्धास्त धून एखादा माणूस जेवणाऱ्या लोकांसमोर उभा राहून वाजवतो, याचं मला अजून अप्रूप आहे.

राहिली 'स्नोफ्लेक्स अँड सनशाइन'. दुसरा भाग तिच्यानेच सुरू होतो, आणि बऱ्याच श्रोत्यांची वाट इथेच अडते. यात ऑर्नेट सॅक्सोफोन खाली ठेवतो आणि आलटून पालटून व्हायोलिन आणि ट्रम्पेट हाती घेतो. व्हायोलिन तो डाव्या हाताने वाजवायचा. शिकवलेल्या हाताचा गोडवा यात शोधू नका. गज तारांवर खालीवर प्रचंड वेगाने घासला जातोय, खालून आयझेनझनचाही गज चालू आहे, आणि मॉफेट झांजांनी त्यावर ऊन पाडतोय. वादळी बर्फात उभं राहिल्यावर एकेका कणाचा आकार दिसत नाही, पडण्याची दिशा तेवढी कळते. हे संगीत तसं ऐकायचं. एकेका सुराकडे न बघता दाटपणा कधी वाढतो, कधी विरळ होतो, ते पाहायचं. पुष्कळ नावाजलेल्या ट्रम्पेटवाल्यांना हा प्रकार सहन झाला नाही. वर्षानुवर्षं ओठ आणि श्वास घासून मिळवलेल्या विद्येचा हा अपमान वाटणं मी समजू शकतो. तरी माझं मत ऑर्नेटच्या बाजूने आहे. सॅक्सोफोनवर त्याची बोटं आता सवयीने चालायला लागली होती. जिथे सवय नाही अशा वाद्यावर गेलं की कानालाच पुढे व्हावं लागतं. त्याला तेच हवं होतं.

हे सगळं स्टुडिओत झालं असतं तर? स्टुडिओत नको वाटलं तर पुन्हा वाजवता येतं, आणि लांबीवर नजर ठेवावी लागते. क्लबात सुरुवात केली की शेवटापर्यंत जावंच लागतं. मध्ये कुठे तिघांची वाट चुकली तर ती लोकांसमोर सापडली पाहिजे. यातल्या बहुतेक रचना आठ ते बारा मिनिटांच्या आहेत, आणि त्यात काही जागा अशा येतात जिथे वेग ओसरतो, दोघे थांबतात, पुढे काय हे कुणालाच माहीत नसल्यासारखं वाटतं. त्या जागा कापून टाकलेल्या नाहीत याचं मला फार मोल वाटतं. मग बेस कुठून तरी दोन सूर टाकतो, सॅक्सोफोन ते उचलतो आणि गाडी निघते. टाळ्या वाजतात तेव्हा मधला खोलीचा आवाज येतो, आणि आपल्याला आठवतं की ही खरी खोली होती, खऱ्या माणसांनी भरलेली. पुढे २००२ मध्ये निघालेल्या सीडीत त्याच रात्रींची आणखी वादनं घातली आहेत. त्यात 'युरोपियन एकोज'चंच दुसरं रूप ऐकायला मिळतं. धून तीच, पुढचं सगळं निराळं.

ऐकायची माझी पद्धत सांगतो. एकच रचना निवडावी आणि ती चारदा ऐकावी. पहिल्यांदा झांज, दुसऱ्यांदा बेस, तिसऱ्यांदा सॅक्सोफोन. चौथ्यांदा काही न ठरवता. हेडफोन असले तर उत्तम, कारण आयझेनझनचा गज फोनच्या स्पीकरवर निम्मासुद्धा पोचत नाही. आणि सुरुवातीची धून मनात धरून ठेवावी, कारण शेवटी ती परत येते. ती परत येण्याचा क्षण समेवर आल्यासारखाच आहे.

या तिघांची पुढची हकीकत थोडक्यात सांगायची तर, पुढच्याच वर्षी ऑर्नेटने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, डेनार्डोला, ड्रम्सवर बसवून अल्बम केला, आणि पुन्हा टीका ओढवून घेतली. जुलै १९६७ मध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन गेला. तो ऑर्नेटकडे येऊन शिकलेला, आणि आपल्या अंत्यविधीत ऑर्नेटने वाजवावं ही त्याची इच्छा. न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये ऑर्नेटने वाजवलं, तेव्हा साथीला आयझेनझन आणि मॉफेट होते, आणि त्यांच्याबरोबर दुसरा बेसवादक चार्ली हेडन. आयझेनझन १९७९ मध्ये गेला. ऑर्नेटला २००७ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला, तोही एका मैफलीच्याच ध्वनिमुद्रणासाठी. ११ जून २०१५ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी तो गेला.

मॉफेटला १९६७ मध्ये मुलगा झाला. चार्ल्स आणि ऑर्नेट ही दोन नावं जोडून त्याचं नाव चार्नेट ठेवलं. चार्नेट मोठा होऊन बेस वाजवायला लागला, आणि १९९६ मध्ये ऑर्नेटचे जे दोन जुळे अल्बम आले, त्याच त्या बहुतेक रचना दोन्हींत वेगवेगळ्या तऱ्हेने वाजवलेल्या, त्यांत बेसवर चार्नेट आहे आणि ड्रम्सवर डेनार्डो. १९५८ च्या पहिल्या अल्बमनंतर ऑर्नेटच्या अल्बममध्ये पियानो जवळजवळ दिसलाच नव्हता. या वेळी पियानोवर जेरी ॲलन बसली आहे. कॉर्डचा क्रम धरून ती साथ करत नाही, बाकी तिघांसारखीच स्वतःची ओळ घेऊन चालते.